आगरवाड्याचा गोषवारा

एक्केचाळीस मिठागरं, एक्केचाळीस तक्ते.
सगळे एकाच यादीत भरलेत मी,
पिशवीत वेगवेगळ्या मापांचे डबे भरावेत तसे,
आणि आर भाषेला सांगायची एकच ओळ:
यातल्या प्रत्येकापाशी जा,
तेच विचार,
उत्तरं घेऊन ये.

ती जाते. चौथ्यापाशी अडते.
तिथं 'मीठ' या रकान्याचं नाव 'मीट' आहे.
अकराव्यात 'मीठ'च आहे, पण त्याच्या शेपटाला
चिकटलीय एक मोकळी जागा, डोळ्यांना न दिसणारी.
सोळाव्यात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
कुणीतरी लिहिलंय, 'बारा-तेरा पांटले असतील',
आणि त्या एका 'असतील'पायी
अख्खा रकाना आकडा राहिला नाही, अक्षर झाला.
अक्षरांची सरासरी निघत नाही.

त्या कुणीतरीचं नाव सोयरू मांद्रेकर.
डिसेंबर ते मे, शापोराच्या काठानं
बांधाबांधावरून चालत
दुसऱ्यांचं मीठ मोजतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत.
पणजीहून गाडी काढून गेले त्याच्याकडे,
फोनवर सुटण्यासारखा गुंता नव्हता.

दुपारचे साडेबारा. मिठाच्या ढिगांवरून
उजेड असा उसळत होता की पडदा नुसता आरसा,
त्यात माझाच घामेजलेला चेहरा.
सोयरूनं एक झावळी आणून धरली वर.
त्या पट्ट्यापट्ट्यांच्या सावलीत ओळ चालवली,
आणि एक्केचाळीस ठिकाणचा हंगाम
सहा आकड्यांत येऊन बसला:
किमान, कमाल आणि मधले चार.

"मध्यक म्हणजे?"
म्हटलं, सगळ्या आगरांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं केलं
तर बरोबर मधोमध जे येईल ते. एकविसावं.
त्यानं आकडा पाहिला, मग वही न उघडताच
पलीकडच्या बांधाकडे हनुवटी केली:
"तें रेजिनाल्डाचें."
मी आजवर एकाही मध्यकाला
मालकाच्या नावानं ओळखलं नव्हतं.

सातव्या जागी एक मोजणी होती: रिकामे एकशे अठरा.
आमच्यात त्यांना वगळायची सोय आहे,
दोन शब्द लिहिले की झालं,
कचेरीत कुणी विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं.
तो वाकला. रोमी अक्षरं त्याला येतात,
बसच्या पाट्यांवर शिकलेली.
एन. ए. बोट ठेवून जोडून वाचलं त्यानं:
"ना."
आणि हसला. "हाका आमची भास कळटा."

मग वही उघडली.
तिथं एकशे अठरा जागी एकच खूण नव्हती.
काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी आडवी रेघ,
काही ठिकाणी नुसता ठिपका,
आणि टंकणाऱ्या पोरानं
तिन्ही सारख्याच कोऱ्या सोडलेल्या.
"शून्य म्हळ्यार मीठ जालें ना.
रेघ म्हळ्यार हांव गेलों ना."
ठिपक्यापाशी थोडा थांबला.
"बांद फुटलो. आगरच ना."

मी तिथंच, झावळीखाली, नवा रकाना काढला.
नाव काय द्यावं सुचेना, 'ना_कसला' दिलं.
शून्यं एकतीस, तीही आता सरासरीत आली
आणि ती खाली उतरली.
रेघा चौसष्ट, बहुतेक एप्रिलातल्या.
कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
ठिपके तेवीस, सगळे तीनच तक्त्यांतले,
सगळे नदीच्या अंगाचे.
वगळले असते तर ही तीन आगरं
चार चांगल्या दिवसांच्या जोरावर
कमालीच्या जवळपास मिरवली असती.

निघाले तेव्हा कळांमध्ये मीठ गेलं होतं,
मधली लांब कळ दाबली की करकरायची.
गाडी सुरू केली, काच वर घेणार
तोच तो धावत आला, वही हातात:
"बाय, पांटलो ओलो काय सुको,
तें खंय बरोवप?"

मी गाडी बंद केली.